बसायचा सराव

फुटबॉलमध्ये दमलेल्या खेळाडूला मधूनमधून बाहेर काढावं की चांगले खेळाडू शेवटपर्यंत आतच ठेवावेत, हे आमच्या सांगलीत कुणालाही विचारा, उत्तर तयार असतं. शेजारच्या कोल्हापूरला फुटबॉलचं वेड, मिरजेलाही हा नाद जुना. त्यामुळे आयुष्यात चेंडूला पाय न लावलेला माणूससुद्धा पानटपरीवर उभा राहून मला सांगतो, "वहिनी, हुकमाचं पान हातातनं सोडायचं नसतंय." उचलली जीभ, लावली टाळ्याला. मी आमच्या बायकांच्या संघाची कप्तान आहे आणि मी बाहेर काढते. हुकमाचं पान तर आधी काढते. त्यावरून घरात, कारखान्यात आणि मैदानावर मी इतकी बोलणी खाल्ली आहेत की आता ती मला पचायला लागली आहेत.

आमचा संघ कुपवाडच्या कारखान्यांत काम करणाऱ्या बायकांचा. कुणी पॅकिंगला, कुणी तपासणीला, एक जण लेथ चालवते. सुरुवात झाली ती जेवणाच्या सुट्टीत, शेडमागच्या मोकळ्या जागेत, ओढण्या कमरेला बांधून. मी लहानपणी रहिमतपूरला गल्लीतल्या पोरांबरोबर खेळलेली, त्यामुळे नियम मला माहीत होते, म्हणून मी कप्तान झाले. आम्ही सात-सातचा खेळ खेळतो. सात जणी आत, तीन जणी बाहेर, आणि खेळ चालू असताना कितीही वेळा अदलाबदल करायची मुभा. म्हणजे दमलेलीनं बाहेर यावं, जरा टेकावं, पुन्हा आत जावं. नियम करणाऱ्यांनी सोय चांगली ठेवली होती, फक्त त्यांनी आमच्याकडच्या बायका पाहिलेल्या नव्हत्या.

आमची सगळ्यांत चांगली खेळाडू म्हणजे माझी थोरली जाऊ. मी त्यांना अक्का म्हणते. आम्ही एकाच घरात राहतो आणि एकाच गाडीवरून कामाला जातो. गाडी मी चालवते, मागे बसून रस्ता त्या सांगतात. अक्का मागच्या फळीत खेळतात. अंगानं भरलेल्या, चालीला सावकाश, पण चेंडू कुठून येणार हे त्यांना आधीच कळतं. वीस वर्षं एकत्र कुटुंबात काढलेल्या बाईला कोण कुठून अंगावर येणार ते कळायचंच. घरात त्या ताटावर बसल्याशिवाय मी घास घेत नाही. मैदानावर पहिल्याच दिवशी मी "अक्का, मागं!" असं खेकसले, तर त्या खेळ सोडून कमरेवर हात ठेवून माझ्याकडे बघत राहिल्या आणि तेवढ्यात गोल झाला. पुढे मात्र त्यांना ते आवडायला लागलं. एकदा गाडीवर मागून म्हणाल्या, "हितं कुणी हाक मारली तर चेंडूसाठी मारतंय गं. तांब्याभर पाण्यासाठी न्हाई."

गेल्या वर्षी साताऱ्याच्या स्पर्धेत अक्का मैदानात पडल्या. कुणाचा धक्का लागला नव्हता, उभ्या होत्या तिथेच खाली बसल्या आणि आडव्या झाल्या. सांगलीला आल्यावर डॉक्टरीणबाईंनी तपासलं, तर अंगात रक्तच कमी. त्यांनी गोळ्या दिल्या, खाण्यापिण्याचं सांगितलं आणि म्हणाल्या, "खेळा की. पण धाप लागली की बाहेर यायचं, बसायचं, श्वास जागेवर आला की परत जायचं." आमच्या सासूबाईंनी, त्यांना आम्ही आत्ती म्हणतो, यातलं एवढंच धरलं की थोरली सून चारचौघांत आडवी झाली. परसात आंघोळीच्या पाण्याचा बंब पेटलेला होता. त्यात ढलपी सारत त्या म्हणाल्या, "एक डाव झालं ते झालं. पुन्यांदा मैदानात पडलीस, तर ती बुटं ह्या बंबात जातील."

आत्ती धमकी देत नाहीत, सांगून ठेवतात. अक्कांचा फुटबॉल आता पुढच्या एका भोवळीवर येऊन ठेपला होता आणि ते आम्हा दोघींनाही पक्कं ठाऊक होतं.

मला उपाय सोपा वाटला. अदलाबदलीचा नियम आहेच, तो नीट पाळायचा. थोड्या थोड्या वेळानं एकीला बाहेर घ्यायचं, अक्कांना सगळ्यांत आधी. पण आमचे सुभेदार आडवे आले. हे आमच्या गल्लीतले फौजेतून निवृत्त झालेले गृहस्थ. विट्याच्या पलीकडच्या कोरड्या मुलखातले, वडील मेंढरं राखायचे, हे पलटणीत गेले आणि तिथे फुटबॉल शिकले. आम्हाला तेच शिकवतात. त्यांचं म्हणणं एकच, ज्यानं सुरू केलं त्यानंच संपवायचं.

"पोस्ट सोडायची न्हाई. डटे रहो!"

मी म्हटलं, "आवं सुभेदार, पलटणीत पहारा बदलत नव्हता व्हय?"

"ती गोष्ट येगळी. तिथं बदलीवर येणारा जवान तेवढाच तयार असतोय. तुज्या भाईरच्या तिघी बग. एक आपल्याच गोलात मारती, एक चेंडू आला की देवाचं नाव घेती, तिसरीला बुटाची लेस बांधता येत न्हाई."

म्हणणं खोटं नव्हतं. पण त्या तिघी मैदानात गेल्याच नाहीत तर शिकणार कधी, आणि आतल्या दमून पडल्या तर त्यांची हुशारी काय कामाची? सुभेदारांना कळेल असं बोलायचं म्हणून मी विचारलं, "तुमच्या वडलांची मेंढरं शेतकरी बोलवून बोलवून आपल्या रानात बसवून घ्यायचे. कशापायी?"

"खतासाठी. त्यात काय इचारायचं?"

"आन् नुसती पळवत ठेवली असती तर?"

सुभेदार हसायचं नाही असं ठरवून उभे होते. "तर सगळं रस्त्यावर पडलं असतं," ते म्हणाले आणि हसलेच. मग टोपी सरळ करून म्हणाले, "तू लय बोलतीस." तो मी होकार समजले.

त्या थंडीत मी माझ्या माहेरी, रहिमतपूरला, एक मैत्रीचा सामना ठरवला. समोर तिथल्या कॉलेजच्या मुली, मैदान माझ्या लहानपणचंच. माझ्या आईनं आणि शेजारणींनी मैदानाच्या कडेला, पत्र्याच्या शेडमध्ये चूल मांडली होती. घेवड्याची आमटी आणि ज्वारीच्या भाकऱ्या, दोन्ही संघांसाठी. मी रेषेवर तीन खुर्च्या मांडायला लावल्या आणि सगळ्यांना बजावून सांगितलं की जी बाहेर येईल ती इथे बसेल.

अक्कांना मी पहिल्यांदा खूण केली तेव्हा त्यांनी आकाशाकडे पाहिलं. दुसऱ्यांदा केली तेव्हा पायातला बूट नीट केला. तिसऱ्यांदा मी नावानिशी ओरडले, तेव्हा पुटपुटत बाहेर गेल्या. मला बरं वाटलं. पण थोड्या वेळानं परत आल्या त्या गेल्या होत्या त्याहून जास्त धापा टाकत. चेहरा लालबुंद. मला वाटलं, गोळ्या घेत नसतील. पुन्हा बाहेर घेतलं, पुन्हा आत घेतलं, तर आणखी वाईट. चेंडू शेजारून गेला तरी पाय उचलेना. शेवटी समोरची एक चपळ पोरगी त्यांना चुकवून निघाली, तेव्हा अक्कांनी तिला मागून हातानंच धरलं. शिट्टी वाजली. पोरगी वळली आणि तिच्या गडद निळ्या जर्सीवर, बरोबर पाठीच्या मधोमध, पाच बोटांचा पांढराशुभ्र पंजा उमटला होता.

पीठ होतं ते. ज्वारीचं.

मी रेषेकडे पाहिलं. तिन्ही खुर्च्या रिकाम्या होत्या. बाहेर आलेली एक जण पाण्याचे ग्लास वाटत होती. दुसरी कुणाचं तरी रडकं पोर कडेवर घेऊन झुलवत चालली होती. शेडच्या तोंडाशी माझी आई कावरीबावरी होऊन उभी होती. अक्का बाहेर आल्या की सरळ चुलीपुढे जाऊन भाकऱ्या थापत होत्या, धगीत, धुरात, आणि मी खूण केली की हात झटकून मैदानात येत होत्या. माझ्या माहेरी, पाहुणी म्हणून आलेली माझी थोरली जाऊ! आई बिचारी सारखं म्हणत राहिली, "मी लय नगं नगं म्हणले गं. पर त्या ऐकतील तर शपथ." त्या दिवशी आम्ही सपाटून मार खाल्ला आणि भाकऱ्या मात्र, सगळ्या म्हणाल्या, झकास झाल्या होत्या.

"बगितलंस?" सुभेदार म्हणाले. "बदललं आन् हरलो."

"बदललं कुठं?" मी म्हणाले. "दोन ठिकाणी राबवलं फकस्त."

परतीच्या टेम्पोत मी मुद्दाम अक्कांच्या शेजारी बसले. माझं डोकं तापलेलंच होतं. "तुमाला बसाय सांगितलं होतं," मी म्हणाले.

"बसून काय करू? तुमी सगळ्या पळताय, तुजी आई चुलीपाशी, आन् मी खुर्चीत? रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, त्यातली गत."

"आन् डॉक्टरीणबाई काय म्हणल्या?"

त्या माझ्याकडे सरकल्या. मग बाकीच्यांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाल्या, "तुला कळत न्हाई. भाईर बसलेली बाई लोकांना दिसती. आज भाईर बसलेली दिसली की उद्या घरात बसवत्यात. म्हणत्यात, एवढी दमतीस तर जातीस कशाला? राबताना दिसलं की कोण काय बोलत न्हाई."

मला भयंकर राग आला, आणि तो काढावा कुणावर ते कळेना, कारण बाई खरं तेच बोलत होती. आमच्या घरात थोरले भावजी कामावरून येतात आणि मोबाईल घेऊन पलंगावर पाय ताणतात, तेव्हा ते दमून आलेले असतात. अक्का टेकल्या तर त्या नुसत्या बसलेल्या असतात. मला स्वतःला ताप आला होता तेव्हा मी पडल्या पडल्या कपड्यांच्या घड्या घातल्या होत्या, आणि मला कुणी सांगितलंही नव्हतं. ज्या बाईला घरात टेकायची चोरी, ती मैदानावर शेकडो माणसांसमोर कशी टेकणार? मी मैदानावर खुर्च्या मांडून पालथ्या घड्यावर पाणी ओतत होते. हे घरूनच सुरू करायला हवं होतं.

दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी सगळे घरात असताना मी जाहीर केलं, "आत्ती, आजपासनं अक्कांचा सराव घरात."

"घरात चेंडू आणलास तर बग," आत्ती म्हणाल्या.

"चेंडू न्हाई. बसायचा सराव. कामावरनं आलं की अक्का परसातल्या कट्ट्यावर बसणार, हातात कायबी न घेता. तवर सगळं मी बघते. त्या उठल्या की मी बसते."

"बसायचा सराव!" आत्तींनी कपाळाला हात लावला. "मी जल्मात आयकलं न्हाई. मग हाता-पायाला मेंदी बी लावू का दोगींच्या?"

थोरले भावजी पलंगावरून हसले. मी त्यांच्याशी एरवी पदर सावरून, जेवढ्यास तेवढं बोलते. त्या दिवशी मात्र मी म्हणाले, "हसू नका भावजी. तुमच्याकडनंच तर शिकायचंय आमाला." माझ्या नवऱ्यानं माझ्याकडे बघायचं टाळलं. मला वाटलं, आता बोलणी बसणार. पण आत्तींनी पदर तोंडाला लावला आणि त्यांचे खांदे हलायला लागले. भावजींनी मोबाईल बंद केला आणि उठून बाहेर गेले. त्यानंतर निदान उघड कुणी आडवं आलं नाही.

आता अक्का. तुम्ही कधी एखाद्या कष्टाळू बाईला रिकामं बसवून पाहिलंय? चेंडू अडवायला शिकवणं सोपं. पहिल्या दिवशी त्यांनी पदराखाली मेथीची जुडी लपवून नेली. ती मी काढून घेतली. पुढच्या दिवशी ओटीत लसूण सापडला. तोही घेतला, तर कट्ट्याच्या फटीतलं गवत उपटायला लागल्या. हात मांडीवर ठेवायला लावले, तर तोंड सुरू झालं, "गॅस बारीक कर. दूध बग. अगं फोडणी जळली, वास येतोय." शेवटी मी झारा हातात घेऊन परसात आले आणि म्हणाले, "अक्का, तोंडाला बी सुट्टी." त्या माझ्यावर इतक्या चिडल्या की दोन दिवस गाडीवर रस्ता सांगितला नाही.

बाकीच्या दोघी-तिघींनाही मी हेच करायला लावलं. एकीचा नवरा कारखान्याच्या फाटकाशी मला गाठून म्हणाला, "आमच्या बायकोला तुमी काय शिकवताय?" मी म्हणाले, "फुटबॉल." त्यानं गाडीला किक मारली.

आणि मग एका संध्याकाळी मी चहा घेऊन परसात गेले, तर अक्का कट्ट्यावर भिंतीला पाठ टेकून बसल्या होत्या. हात मोकळे, पाय लांब सोडलेले. समोर पेरूचं झाड आणि कपड्यांची दोरी, दुसरं काही नव्हतं.

"काय बगताय?" मी विचारलं.

"काय न्हाई," त्या म्हणाल्या आणि कप घेतला.

मला इतका आनंद झाला की मी तो कुणाला सांगूही शकले नाही. काय सांगणार? जाऊ काहीच करत नव्हती, म्हणून? अक्का उठल्यावर माझी बसायची पाळी होती, पण कुकरची शिट्टी व्हायची होती. माझ्या पाळीला रोज काही ना काही निघायचंच.

साताऱ्याची स्पर्धा आली. आदल्या दिवशी आत्तींनी सांगून ठेवलं, "मी येणार. डोळ्यानं बगणार." का येणार ते विचारायची गरज नव्हती. बंबाची गोष्ट त्याही विसरल्या नव्हत्या. किल्ल्याच्या पायथ्याच्या त्या मैदानावर आम्ही रेषेलगत आमच्या तीन खुर्च्या मांडल्या आणि शेजारी आत्तींची चौथी. भावजी आमच्याबरोबर आले होते, ते दोरीपलीकडच्या गर्दीत उभे राहिले. सकाळचे सामने आम्ही जिंकलो. अक्का आत-बाहेर, आत-बाहेर करत ठीक खेळल्या. बाहेर आल्या की खुर्चीच्या कडेवर टेकायच्या, लगेच उठायच्या. बसणं अजून अर्धंच होतं, पण चूल नव्हती, पीठ नव्हतं.

दुपारी उपान्त्य सामना. ऊन रणरणतं, गोल कुणाचाच नाही. अक्का त्या दिवशी जशा खेळल्या तसं मी त्यांना आधी कधी खेळताना पाहिलं नव्हतं. समोरच्या पोरी डावीकडून येवोत, उजवीकडून येवोत, अक्का तिथे हजर. दोरीपलीकडून माणसं शिट्ट्या मारत होती. आणि शेवट जवळ येत असताना मला त्यांचे ओठ दिसले. पांढरे पडले होते. मी हात वर केला.

"आत्ता नगं!" सुभेदार ओरडले. "धाकटे, आत्ता थोरलीला काढू नगं! थोडंच ऱ्हायलंय!"

दोरीपलीकडून तर सगळी सांगलीच ओरडत असल्यासारखं वाटलं. वहिनी, काय करताय, वहिनी, डोकं फिरलंय का. अक्कांनी माझ्याकडे पाहिलं, मग आत्तींकडे पाहिलं. मी घरात उभ्या जन्मात काढला नसेल असा आवाज काढला, "अक्का, भाईर! भाईर म्हणते न्हवं!"

त्या बाहेर गेल्या. आत्तींच्या शेजारच्या खुर्चीत मागे रेलून बसल्या, पूर्ण बसल्या, आणि हात मांडीवर ठेवले.

आणि गोल झाला. आमच्यावर. अक्कांच्या जागी गेलेली ती देवाचं नाव घेणारी, तिनं चेंडू आल्यावर देवाचं नाव घेतलं. दोरीपलीकडून काय काय ऐकू आलं ते मी इथे लिहीत नाही. सुभेदारांनी टोपी जमिनीवर आपटली. "आता तरी घाल तिला आत!" मी अक्कांकडे पाहून मानेनं विचारलं. मला खरं तर त्या आत यायला हव्या होत्या. पण त्यांनी छातीवर हात ठेवला, क्षणभर डोळे मिटले आणि मान हलवली. अजून नाही.

तेवढ्यात चेंडू रेषेबाहेर गेला, मी तो आणायला खुर्च्यांपाशी गेले, म्हणून पुढचं माझ्या कानांनी ऐकलं. संयोजकांकडची एक बाई चहाचे कप भरलेला ट्रे घेऊन आली आणि अक्कांपुढे धरून गोड आवाजात म्हणाली, "ताई, जरा पावण्यांना चहा देताय का? मोकळ्याच हायसा न्हवं."

"मोकळी न्हाई," अक्का बसल्या जागेवरून म्हणाल्या. "मी कामात हाय."

ती बाई गोंधळून आत्तींकडे बघायला लागली. आत्तींनी अक्कांकडे पाहिलं, त्यांच्या मांडीवरच्या रिकाम्या हातांकडे पाहिलं. "ठेवा तितं खाली," त्या म्हणाल्या. "ज्याला प्याचाय त्यो उठून घील."

मी चेंडू घेऊन पळाले. थोड्या वेळानं अक्का उठून रेषेपाशी आल्या. ओठांना रंग आला होता. मी त्या देवभक्त खेळाडूला बाहेर जायची खूण केली, तर अक्का म्हणाल्या, "ती ऱ्हाऊ दे. तू ये भाईर."

"मी? मी कप्तान हाय!"

"तोंड बग तुजं. सकाळधरनं एकदा तरी टेकलीस का? घरात तरी कवा टेकलीस? मी काय आंधळी हाय व्हय? ये म्हणते तर ये."

हा हुकूम थोरल्या जावेचा होता, त्याच्यापुढे कसली कप्तानी? मी बाहेर आले आणि त्यांच्या खुर्चीत बसले. माझ्याशिवाय सात जणी पळत होत्या, मी नसताना चेंडू चालतच होता, आणि त्याचा मला राग आला हे कबूल करते. पायाशी पाण्याच्या बाटल्या पसरल्या होत्या. मी वाकून त्यांची झाकणं लावायला घेतली. आत्तींनी माझ्या हातातली बाटली काढून घेतली. "बस की गप," त्या म्हणाल्या. "थोरली बसती, तुला काय हुतंय?"

मी बसले. हात कुठे ठेवावेत ते मला खरंच कळत नव्हतं.

आम्ही एका गोलनं हरलो. शेवटची शिट्टी वाजली तेव्हा अक्का मैदानाच्या मधोमध कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. उभ्या. तिथून त्या चालत आल्या, बूट काढून हातात घेतले आणि कुणाचा हात न धरता टेम्पोत चढल्या. सांगलीचे सगळे जाणकार मला गाठून सांगत होते की बदललं म्हणून हरलो. असेल. त्या दिवशी अक्का आत असत्या तर तो गोल कदाचित झाला नसता. आणि त्या पडल्या असत्या तर? त्याचं उत्तर पानटपरीवर कुणाकडे नसतं. मी सुभेदारांनाही सांगून टाकलं, पुढच्या सामन्यातही बदलणार, त्याच्या पुढच्याही, आणि जी आपल्याच गोलात मारते तिलाही आत पाठवणार. ज्याला हुकमाची पानं धरून ठेवायची असतील त्यानं पत्ते खेळावेत.

टेम्पोनं कऱ्हाड मागे टाकलं. अक्का समोरच्या फळीवर पाय सोडून, डोळे मिटून बसल्या होत्या, बूट मांडीवर. आत्ती शेजारी. मी त्या बुटांकडे बघत होते.

"पुढल्या साली," आत्ती अचानक म्हणाल्या. टेम्पोतल्या सगळ्या माना वळल्या. "पुढल्या साली माजी खुर्ची सावलीत टाका. उनात बसून बसून माजंच डोस्कं गरगराय लागलं हुतं."

"मग सांगायचं न्हाई व्हय?" अक्का डोळे न उघडता म्हणाल्या. "तुमाला बी बदललं असतं."

टेम्पो हसण्यानं हलला. आत्ती हसल्या नाहीत. त्यांनी अक्कांच्या मांडीवरचे ते मळके बूट उचलले, आपल्या मांडीवर घेतले आणि सांगली येईपर्यंत धरून बसल्या.